तमिळ सिनेमात सहायक अभिनेता म्हणून टिकायचं असेल तर

प्रश्न थोडक्यात असा आहे: वय ३६, पुण्यात प्रायोगिक नाटकं, दोन मराठी मालिकांत छोट्या भूमिका. आता एका समन्वयकामार्फत तमिळ चित्रपटात खलनायकाच्या उजव्या हाताची भूमिका चालून आली आहे. तमिळ येत नाही. ही एक भूमिका करून परत यावं, की चेन्नईत सहायक अभिनेता म्हणून बस्तान बसू शकतं? काम कोण देतं, पैसे कसे मिळतात, भाषेचं काय करायचं?

मी चेन्नईत को-डायरेक्टर म्हणून काम करतो. तमिळ युनिटमध्ये कलाकारांच्या तारखा जुळवणं, कुणाचा सीन कधी लावायचा ते ठरवणं आणि नंतर डबिंगला प्रत्येकाला आणून बसवणं, ही कामं आमच्याकडे असतात. त्यामुळे नायकापेक्षा माझा जास्त संबंध येतो तो बाकीच्या तीस-चाळीस कलाकारांशी, आणि हा प्रश्न त्यांच्याबद्दलच आहे.

बस्तान बसू शकतं. पण माझं ठाम मत आधीच सांगतो: तमिळ सिनेमात पहिली भूमिका चेहऱ्यावर मिळते, पुढची सगळी कारकीर्द आवाजावर उभी राहते. जो स्वतःच्या तोंडाने तमिळ बोलतो आणि स्वतःचं डबिंग स्वतः करतो, त्याला लोक आपला मानतात. त्याला पुन्हा बोलावलं जातं आणि त्याचे पैसेही सहसा बुडत नाहीत. पैशांचा आवाजाशी काय संबंध, ते पुढे येईलच.

तुम्हाला आलेली भूमिका एका जुन्या प्रथेतली आहे. उंच, धिप्पाड, अनोळखी चेहरा मुंबईहून आणायचा, त्याला कोट घालायचा आणि आवाज चेन्नईतल्या डबिंग कलाकाराचा द्यायचा. दरवर्षी असे कितीतरी जण येतात. चांगल्या हॉटेलात राहतात, मारामारीचे सीन करतात आणि परत जातात. पुढच्या वर्षी तसाच दुसरा चेहरा येतो, कारण प्रेक्षकाच्या कानात यांचं काहीच उरलेलं नसतं.

आपल्याकडची मोठी नावं यात मोजू नका. अतुल कुलकर्णींना ‘हे राम’मधल्या (२०००) श्रीराम अभ्यंकरसाठी सर्वोत्कृष्ट सहायक अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि त्यानंतर ‘रन’मध्ये (२००२) ते खलनायक होते. सचिन खेडेकर ‘यावरुम नलम’ (२००९), ‘दैव तिरुमगळ’ (२०११) आणि ‘मात्रान’मध्ये (२०१२) दिसले. नाना पाटेकर ‘काला’त (२०१८) रजनीकांतसमोर उभे राहिले. ही माणसं स्वतःच्या नावावर, पाहुणी म्हणून गेली. त्यांचं घर इकडे मराठी-हिंदीत पक्कं होतं. तुमचा प्रश्न तिथे घर करण्याचा आहे, त्यामुळे उदाहरणं वेगळी बघावी लागतील.

सयाजी शिंदे हे त्यातलं जवळचं उदाहरण. सातारा जिल्ह्यातला हा नट तमिळमध्ये उतरला तो थेट महाकवी सुब्रह्मण्य भारतींच्या भूमिकेत, ‘भारती’ (२०००) या चित्रपटात. तमिळ माणसाला भारती किती जवळचे आहेत हे तिथे राहिल्याशिवाय कळत नाही. फेटा, मिशी आणि ती नजर घराघरांतल्या तसबिरीतली. ती भूमिका एका मराठी नटाने केली आणि लोकांनी ती स्वीकारली. त्यानंतर ‘धूळ’सारख्या (२००३) चित्रपटांत राजकारणी-खलनायक, आणि पुढे तेलुगूत तर मुक्कामच. एका थोर भूमिकेवर न थांबता ते दक्षिणेत सतत हजर राहिले, म्हणून दिग्दर्शकांच्या यादीतही राहिले.

आणि सगळ्यात मोठं उदाहरण आपण नेहमी विसरतो, कारण ते सुपरस्टार म्हणूनच डोळ्यांसमोर येतं. शिवाजीराव गायकवाड, म्हणजे रजनीकांत. मातृभाषा मराठी, वाढ बंगळुरात, नोकरी बस कंडक्टरची, नंतर मद्रासच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये अभिनयाचं शिक्षण. दिग्दर्शक के. बालचंदर यांनी १९७५ मध्ये ‘अपूर्व रागंगळ’मध्ये त्याला छोटीशी भूमिका दिली आणि तमिळ शिकून घ्यायला सांगितलं. ‘१६ वयदिनिले’त (१९७७) तो गावगुंड परट्टै होता. नायक म्हणून ‘भैरवी’ आला १९७८ मध्ये. मधली वर्षं रजनीकांत हा सहायक अभिनेता आणि खलनायकच होता, आणि त्याच वर्षांत त्याने ती भाषा स्वतःच्या लयीत बोलायला घेतली. आजही त्याच्या तमिळला एक परका झटका आहे, लोकांना तोच आवडतो. म्हणजे उच्चार शंभर टक्के शुद्ध असलाच पाहिजे असं नाही. तो तुमचा असला पाहिजे.

प्रकाश राज यांचंही तसंच. कन्नड रंगभूमीवरून आले, बालचंदर यांनीच ‘डुएट’मध्ये (१९९४) तमिळमध्ये आणलं, आणि ‘इरुवर’साठी (१९९७) सहायक अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार घेतला. तो चित्रपट तर भाषणांवर उभा आहे. उसन्या आवाजावर ती भूमिका पेलली नसती.

आता ज्यांचं काम तुम्ही वहीपेन घेऊन बघावं असं मला वाटतं, त्यांच्याबद्दल जरा सविस्तर लिहितो. दिल्ली गणेश. जन्म १९४४ चा, तिरुनेलवेलीकडचा. हवाई दलात दहा वर्षं नोकरी, त्या काळात दिल्लीत तमिळ नाटकमंडळीत काम, म्हणून बालचंदर यांनी नावामागे ‘दिल्ली’ जोडलं. सिनेमात आले ते तिशी ओलांडल्यावर, ‘पट्टिन प्रवेशम’मधून. नोव्हेंबर २०२४ मध्ये गेले तोवर चारशेहून जास्त चित्रपट झाले होते. एका चित्रपटात नायकही झाले होते, पण त्यांची खरी जागा नायकाच्या शेजारची, आणि ती त्यांनी आनंदाने सांभाळली.

‘सिंधु भैरवी’ (१९८५) बघा. जेकेबी हा कर्नाटक संगीतातला मोठा गायक, शिस्तीचा करडा. गणेश त्याचा मृदंगवादक गुरुमूर्ती. गुरुमूर्ती कच्चेरीला, म्हणजे मैफलीला, पिऊन येतो. जेकेबी त्याला साथीला बसू देत नाही आणि मृदंगाशिवाय गातो. पुढे हाच जेकेबी स्वतः दारूत बुडतो. कथेच्या दृष्टीने गुरुमूर्तीचं काम सुरुवातीलाच झालेलं असतं: नायक नंतर किती खाली गेला हे प्रेक्षक त्या हाकलून दिलेल्या माणसाशी ताडून पाहतो. अशा भूमिकेत दारुड्याचे हातवारे करून टाळ्या मिळवायचा मोह प्रचंड असतो. पण गुरुमूर्ती हास्यास्पद झाला असता तर जेकेबीचा राग पोकळ वाटला असता, आणि नंतरचं त्याचं पडणंही. आपल्या सीनमुळे दीड तासाने दुसऱ्याचा सीन उभा राहणार आहे, हे ज्या नटाला समजतं त्याला आम्ही पुन्हा बोलावतो. बाकीचं सगळं शिकवता येतं, ही जाण शिकवता येत नाही.

त्याच माणसाची नंतरची दोन कामं घ्या. ‘अपूर्व सगोदररगळ’मध्ये (१९८९) तो खलनायकांपैकी एक आहे. लगेच ‘मायकल मदन कामराजन’मध्ये (१९९०) पालक्काडचा आचारी मणी अय्यर. पालक्काडच्या ब्राह्मणांची तमिळ वेगळीच, मल्याळमचा हेल असलेली. गणेश स्वतः तिरुनेलवेलीकडचे, तरी ती बोली त्यांनी अशी उचलली की आजही लोक त्यांच्या ओळी त्याच हेलात म्हणतात. आपल्याकडे मालवणी आणि वऱ्हाडीत जेवढं अंतर, तेवढं अंतर तिथे मदुरै, कोइंबतूरकडची कोंगु, तिरुनेलवेली आणि मद्रासी बोलीत आहे. कॅरेक्टर आर्टिस्टला, म्हणजे सहायक अभिनेत्याला, काम मिळतं ते बऱ्याचदा बोलीवर. ‘तुम्हाला कोंगु जमेल का?’ हा फोनवरचा पहिला प्रश्न असतो, उंची आणि वजन त्यानंतर.

मराठी माणसाला या बाबतीत एक मोठा फायदा आहे. ‘ळ’ आणि ‘ण’ आपल्या तोंडात जन्मापासून आहेत. उत्तरेतून आलेले नट या दोन अक्षरांवर अडतात, तुम्ही अडणार नाही. ‘तमिऴ’ या शब्दाच्या शेवटी येणारा ‘ऴ’ तेवढा नव्याने बसवावा लागेल: जीभ मागे वळवायची, पण टाळूला टेकवायची नाही. रोज पेपर मोठ्याने वाचा. लिपी शिका. देवनागरीत ओळी लिहून घेऊन काम भागवणारे नट मी पुष्कळ पाहिले. त्या लिपीत ‘क’ आणि ‘ग’ला एकच अक्षर आहे, ‘प’ आणि ‘ब’लाही एकच, आणि कुठे काय बोलायचं ते शब्दातल्या जागेवरून ठरतं. लिपी येत असली की तो नियम आपोआप अंगी मुरतो. देवनागरीतून पाठ करणाऱ्याच्या बाबतीत लिहून देणाऱ्या असिस्टंट डायरेक्टरची चूक त्याच्या तोंडात कायमची बसते.

सेटवर काय होतं ते सांगतो, म्हणजे आवाजाचा मुद्दा पटेल. बहुतेक तमिळ चित्रपटांत अजूनही सेटवरचा आवाज केवळ आधारासाठी घेतात. ‘विरुमांडी’सारखे (२००४) थेट ध्वनिमुद्रण केलेले चित्रपट अपवादच. त्यामुळे प्रॉम्प्टिंग सर्रास चालतं. असिस्टंट कॅमेऱ्याशेजारी उभा राहून ओळ सांगतो, नट ती उचलतो. मास्टर शॉट, म्हणजे अख्ख्या सीनचा शॉट, होतो, मग नायकाचे क्लोज (चेहऱ्याचे जवळून घेतलेले शॉट) आणि सजेशन (समोरच्याच्या खांद्यावरून घेतलेले शॉट) आधी घेतात, कारण त्याची तारीख महाग. नायक निघून जातो. मग संध्याकाळी तुमचा क्लोज लागतो, आणि समोर नायकाऐवजी एक बावीस वर्षांचा असिस्टंट कागद हातात धरून सपाट आवाजात त्याच्या ओळी वाचतो. तुम्हाला त्या ओळी ऐकून डोळ्यांत पाणी आणायचं असतं. कॅरेक्टर आर्टिस्टच्या कामातला मोठा भाग असा रिकाम्या जागेकडे बघून होतो. रंगभूमीवरच्या माणसाला हे सुरुवातीला फार जड जातं, कारण समोरच्याकडून घ्यायची सवय असते. उपाय एकच मला ठाऊक आहे: सकाळी नायकाचे क्लोज चालू असताना व्हॅनमध्ये जाऊन बसू नका. कॅमेऱ्यामागे थांबा आणि तो ओळी कशा टाकतो ते नीट ऐकून ठेवा. संध्याकाळी तेच कानात वाजवायचं.

भाषा येत नसलेला नट इथेच उघडा पडतो. तो आपली ओळ आठवण्यात गुंतलेला असतो, समोरच्याचं बोलणं त्याच्यापर्यंत पोचतच नाही. चेहऱ्यावर प्रतिक्रिया अर्ध्या सेकंदाने उशिरा येते. एडिटिंगच्या टेबलावर तो उशीर स्पष्ट दिसतो, आणि मग एडिटर तुमचा क्लोज काढून दुसऱ्याचा ठेवतो. भूमिका कापली गेली अशी तक्रार घेऊन लोक येतात. बरेचदा ती कुणी मुद्दाम कापलेली नसते, वापरता आलेली नसते एवढंच.

आता डबिंग. साळिग्रामम आणि वडपळनी भागात डबिंग स्टुडिओ भरपूर आहेत. अंधारी खोली, समोर पडदा, एक माइक, काचेपलीकडे इंजिनिअर, शेजारी आमच्यापैकी कुणीतरी पटकथा घेऊन. सीनचे तुकडे एकेक करून लागतात. कानात सेटवरचा कच्चा आवाज येतो, पडद्यावर तुमचेच ओठ, आणि त्यावर आता खरा आवाज चढवायचा. ‘प’ आणि ‘म’वर ओठ मिटतात. तिथे शब्द चुकला की लगेच कळतं, बाकी थोडं इकडेतिकडे खपतं. पण खरी गंमत अशी की इथे भूमिका दुसऱ्यांदा करता येते. सेटवर ओरडून म्हटलेली ओळ इथे कुजबुजत म्हणता येते. एक उसासा घालता येतो, पाठमोरा असताना एखादा शब्द वाढवता येतो. जुने कॅरेक्टर आर्टिस्ट डबिंगला यायचे ते पुन्हा तालमीला आल्यासारखे. अर्धा सीन ते तिथे दुरुस्त करायचे. एम. एस. भास्कर यांची सुरुवातीची ओळख तर डबिंग कलाकार म्हणूनच. आवाजाच्या खोलीत मुरलेला हा नट टीव्ही मालिकांत घराघरांत पोचला, सिनेमात वर्षानुवर्षं विनोदी आणि छोट्या भूमिका करत राहिला, आणि २०२५ मध्ये जाहीर झालेल्या ७१व्या राष्ट्रीय पुरस्कारांत ‘पार्किंग’साठी त्याला सहायक अभिनेत्याचा पुरस्कार मिळाला. साठी उलटून गेल्यावर.

आणि पैसे. कॅरेक्टर आर्टिस्टशी व्यवहार दोन प्रकारे होतो: दिवसाच्या हिशेबाने किंवा ठरावीक दिवसांची एकरकमी बोली. आगाऊ रक्कम मिळते, मध्ये काही हप्ते मिळतात, आणि बाकी राहिलेली रक्कम द्यायची जुनी रीत आहे डबिंगच्या आधी. म्हणजे कलाकार स्टुडिओत येतो, प्रॉडक्शन मॅनेजर पाकीट किंवा चेक देतो, आणि मग माइक सुरू होतो. थकलेले पैसे वसूल करायचं कॅरेक्टर आर्टिस्टच्या हातातलं हे जवळजवळ एकमेव साधन आहे. तुमचा आवाज दुसरा कुणी देणार असेल तर ते साधनच उरत नाही. शूटिंग संपलं की निर्मात्याला तुमची गरज संपली. बाहेरून आलेल्या नटांचे शेवटचे हप्ते लटकतात त्याचं हे साधं कारण आहे. माझ्या ओळखीच्या एका नटाचे पैसे एका निर्मात्याने असेच ठेवले. चित्रपट लागला, उतरला, आणि फोन उचलणं बंद झालं.

टीडीएस १० टक्के कापतात. तो कापला म्हणजे भरला असं समजू नका, वर्षातून दोनदा तरी आयकराच्या पोर्टलवर आपल्या खात्यात जमा दिसतो का ते बघा. बाहेरगावच्या शूटिंगला, पोळ्ळाच्ची असो, कारैकुडी असो की हैदराबाद, राहणं, प्रवास आणि रोजचा भत्ता निर्मात्याकडे असतो. हे आधी बोलून घ्यायचं. मागाहून बोललं की भांडण होतं.

काम कोण देतं? नायकाला निर्माते शोधतात, कॅरेक्टर आर्टिस्टला आमच्यासारखे को-डायरेक्टर, असोसिएट आणि मॅनेजर. अलीकडे कास्टिंग डायरेक्टर आले आहेत, तरी शेवटी यादी फोनमधूनच निघते. तमिळ सिनेमात असिस्टंट म्हणून वर्षानुवर्षं उमेदवारी करायची पद्धत अजून टिकून आहे, आणि आज तुम्हाला प्रॉम्प्ट करणारा मुलगा पाच-सात वर्षांनी दिग्दर्शक होतो. तो त्याच्या पहिल्या चित्रपटाला कुणाला बोलावतो? ज्याने सेटवर त्याला नावाने हाक मारली होती त्याला. नव्या दिग्दर्शकांकडे पैसे कमी असतात पण भूमिका चांगल्या असतात. कलैज्ञर टीव्हीवरच्या ‘नाळैय इयक्कुनर’ या लघुपट स्पर्धेतून कार्तिक सुब्बराज आणि नलन कुमारसामी असे दिग्दर्शक आले, आणि त्यांच्याबरोबर त्यांच्या लघुपटांत फुकट किंवा नाममात्र पैशांत काम करणारे नटही वर आले. विजय सेतुपती त्यातलाच. त्याआधी तो ‘कूत्तु-प-पट्टरै’ या नाट्यसंस्थेत हिशेबनीस होता आणि चित्रपटांत गर्दीतली, एखाद्या सीनची कामं करत होता. बॉबी सिम्हाही याच लघुपटांच्या वाटेने आला आणि ‘जिगरठंडा’साठी (२०१४) सहायक अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार घेऊन गेला.

कूत्तु-प-पट्टरैचं नाव तुमच्यासाठी महत्त्वाचं आहे. ना. मुत्तुस्वामी यांनी १९७७ मध्ये ती सुरू केली. पसुपती, कलैराणी, गुरु सोमसुंदरम अशी मंडळी तिथून घडली. चेन्नईत प्रायोगिक रंगभूमी आहे, आणि सिनेमावाले तिथे बघायला येतात. शिवाय सभांमधली, म्हणजे तिथल्या सांस्कृतिक संस्थांची, नाटकं आहेत, मैलापूर आणि टी. नगरच्या सभागृहांत होणारी, शब्दप्रधान, विनोदी. तुमचं नाटकाचं भांडवल मुंबईच्या ऑडिशनच्या रांगेपेक्षा तिथे जास्त उपयोगी पडेल असं मला वाटतं. पहिलं वर्ष तिथे मागे उभं राहून काम करा. भाषा कानात जाते.

वयाची चिंता करू नका. कॅरेक्टर आर्टिस्टचं खरं आयुष्य चाळिशीनंतर सुरू होतं. जॉर्ज मरियान यांच्याकडे बघा. ‘मद्रासपट्टिणम’ (२०१०), ‘कलकलप्पु’ (२०१२) अशा चित्रपटांत छोट्या, बहुतेक हसवणाऱ्या भूमिका. ठेंगणी मूर्ती, साधा चेहरा. मग ‘कैदी’ (२०१९) आला. नेपोलियन नावाचा, नुकताच बदलून आलेला हवालदार. त्या रात्री बाकी सगळे अधिकारी बेशुद्ध, आयुक्तालयावर टोळी चालून येतेय, आणि आत हा एकटा आणि काही कॉलेजची पोरं. नायक तिकडे ट्रक घेऊन रस्त्यावर आहे, इकडची अर्धी गोष्ट पूर्णपणे या माणसाच्या खांद्यावर. एखादा पिळदार नट तिथे उभा केला असता तर पहिल्याच मिनिटाला प्रेक्षक निर्धास्त झाला असता. जॉर्जना पाहून तो घाबरतो, कारण त्यांना आजवर मार खाताना आणि हसवतानाच पाहिलेलं आहे. इतकी वर्षं केलेल्या लहान भूमिका त्या एका रात्रीत कामाला आल्या. चित्रपटगृहात त्यांच्या सीनला ज्या शिट्ट्या पडल्या, त्या मी नायकांच्या एन्ट्रीला ऐकतो तशा होत्या. मला आजही त्याचा आनंद होतो.

बायकांचं गणित वेगळं आणि जास्त कठोर. मनोरमा यांच्यासारखी कारकीर्द विरळाच. १९५८ पासून सुरुवात, हजाराहून जास्त चित्रपट, ‘तिल्लाना मोहनांबाळ’मधली (१९६८) जिल जिल रमामणी, आणि ‘पुदिय पादै’साठी (१९८९) सहायक अभिनेत्रीचा राष्ट्रीय पुरस्कार. एरवी नायिकेची वर्षं संपली की थेट आई, आणि ती बरेचदा आपल्याच वयाच्या नायकाची. सरण्या पोन्वण्णन ‘नायकन’मध्ये (१९८७) नायिका होत्या. पुढे आईच्या भूमिकांत आल्या आणि त्या भूमिकांनाच त्यांनी उंची दिली. ‘तेन्मेर्कु परुवकाट्रु’मधल्या (२०१०) आईसाठी त्यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, आपल्या ‘बाबू बँड बाजा’च्या मिताली जगताप वराडकर यांच्याबरोबर विभागून. विजय सेतुपती नायक म्हणून पहिल्यांदा आला तो याच चित्रपटात, त्यांचा मुलगा बनून. तुमच्या ओळखीत कुणी अभिनेत्री असाच विचार करत असेल तर तिला सांगा की आईची पहिली भूमिका कोणत्या वयात आणि कुणाच्या आईची स्वीकारायची, हा निर्णय फार जपून घ्यायचा. तो मागे घेता येत नाही.

बदलणाऱ्या गोष्टीही सांगायला हव्यात. मदुरै, तिरुनेलवेली परिसरातल्या वास्तववादी चित्रपटांनी गावातली खरी माणसं पडद्यावर आणली. ‘परियेरुम पेरुमाळ’मध्ये (२०१८) नायकाच्या वडिलांची भूमिका तंगराज या लोककलावंताने केली, आणि ती कोणत्याही व्यावसायिक नटाला जमली नसती असं माझं प्रामाणिक मत आहे. सिनेमासाठी हे फार चांगलं झालं. चेन्नईत राहून ‘गावचा बाप’ करणाऱ्यांची कामं त्यामुळे कमी झाली हेही खरं. दुसरीकडे एकच चित्रपट पाच भाषांत लावायचा म्हणून प्रत्येक भाषेतला एकेक ओळखीचा चेहरा घेतात. त्या हिशेबात मराठीतलं नाव असलेल्या नटाला संधी आहे, पण ती पुन्हा पाहुण्याचीच. रोजचं उत्पन्न म्हणाल तर दैनंदिन मालिका. सिनेमावाले त्यांना नाकं मुरडतात, पण घरभाडं बहुतेकांचं मालिकांवरच चालतं, आणि रोज पानंच्या पानं तमिळ बोलून भाषेवर जेवढा हात बसतो तेवढा दुसऱ्या कशाने बसत नाही.

संघटनेबद्दल: कलाकारांची संघटना म्हणजे नडिगर संगम, टी. नगरात हबीबुल्ला रोडवर. तिचं सभासदत्व तिच्याच कार्यालयात जाऊन, तिच्या नियमांनी घ्यायचं. ‘कार्ड काढून देतो, इतके पैसे द्या’ म्हणणाऱ्या मधल्या माणसाला एक रुपयाही देऊ नका. भूमिका मिळवून देण्यासाठी आधी पैसे मागणाऱ्यालाही नाही. काम देणारा माणूस तुम्हाला पैसे देतो, तुमच्याकडून घेत नाही. आणि फोटोशूटचे हजारो रुपये खर्च करण्यापेक्षा साध्या शर्टातले तीन फोटो आणि तमिळमध्ये बोललेला एक मिनिटाचा व्हिडिओ पाठवा. आम्ही तोच बघतो.

आता समोर आलेल्या भूमिकेचं. घ्या. खर्च निघेल आणि तमिळ सेट आतून बघायला मिळेल. मात्र होकार देण्याआधी समन्वयकाला बाजूला ठेवून थेट प्रॉडक्शन मॅनेजरशी बोला आणि चार गोष्टी लेखी घ्या: किती दिवस, कोणत्या महिन्यात, उरलेली रक्कम शूटिंगच्या शेवटच्या दिवशी मिळणार, आणि तारखा पुढे गेल्या तर वाढीव दिवसांचे पैसे. उरलेली रक्कम डबिंगपर्यंत ठेवू देऊ नका, कारण या खेपेला आवाज बहुधा तुमचा नसेल. तरीही को-डायरेक्टरला विचारा की दोन-तीन लहान सीनचं डबिंग मी करून बघू का. नाही म्हणाला तरी तुम्ही विचारल्याचं त्याच्या लक्षात राहतं. ओळी आठवडाभर आधी मागून घ्या, तमिळ येणाऱ्या कुणाकडून मोबाइलवर रेकॉर्ड करून घ्या, आणि फक्त आपल्या नाही, समोरच्याच्याही पाठ करा. सेटवर पोचलात की ज्या असिस्टंटकडे प्रॉम्प्टिंग आहे त्याच्यासोबत पहिल्या दिवशी जेवायला बसा.